क्रीकपर्यंत

ब्रूस गाडीतून उतरला नाही. बांधाशी गाडी थांबवून, काच खाली करून त्यानं हाक मारली, "मो!"

बाबांचं मोरेश्वर हे नाव त्याला कधी जमलं नव्हतं. जमवायचा प्रयत्नही त्यानं केला नव्हता. बाबा लसणाच्या ओळीत गुडघ्यांवर होते. उठायला त्यांना वेळ लागला. आधी एक तळवा जमिनीला, मग फावड्याचा दांडा, मग कंबर. मागच्या ओळीत तण काढणारी त्यांची मुलगी अनुराधा हात द्यायला पुढे झाली, तसा त्यांनी तो झटकला. मालकासमोर कुणी उठवलेलं त्यांना चालत नसे.

"विकली," ब्रूस म्हणाला. "सगळी. रस्त्यापासून खाली क्रीकपर्यंत."

"गार्लिक इज इन," बाबा म्हणाले. "डिसेंबर."

"तोवर ते थांबतील असं वाटत नाही. निघेल तेवढं काढून घे." त्यानं काच वर घेतली, पुन्हा खाली केली. "चांगला माणूस आहेस तू, मो."

गाडी वळताना मागच्या चाकाखाली मेथीचा वाफा आला. ब्रूसच्या ते लक्षातही आलं नसावं. बाबा चाकाच्या खुणेशी जाऊन उभे राहिले. चेंगरलेल्या मेथीचा कडू वास थंडीत वर आला.

"क्रीकपरयंत म्हंजे सगलंच गेलं," ते म्हणाले आणि पुन्हा गुडघ्यांवर बसले.

पुकेकोहेच्या अलीकडे, मुख्य रस्त्यापासून आत ही जमीन होती. वर टेकाड, मग लाल मातीचा उतार, उताराच्या पायथ्याला उडी मारून ओलांडता येईल असा एक ओढा. ओढ्यापलीकडे काळ्या मातीचा सपाट पट्टा. त्याच्या पुढे तिवरांची दाट रांग, आणि तिवरांमागे खाडी. भरतीला ती तिवरांच्या गुडघ्यापर्यंत येई, ओहोटीला नुसता चिखल चमकत राही. बाबांना या देशातलं पहिलं काय आवडलं असेल तर तो चिखलाचा वास. आई गेल्यावर अनुराधा आणि तिचा धाकटा भाऊ गणेश यांनी त्यांना पनवेलकडच्या गावातून उचलून आणलं होतं. गावाची मिठागरं बाबा तरुण असतानाच शहराखाली गेली होती आणि पुढचं आयुष्य त्यांनी कारखान्याच्या फाटकावर काढलं होतं. इथे आल्यावर जवळच बॉम्बे नावाची वस्ती आहे हे कळलं तेव्हा ते पोटभर हसले होते. "निघालो बॉम्बेतून, पोचलो बॉम्बेत. तिकिटाचं पैसं फुकट गेलं गो!"

ब्रूसनं जमीन कसायला दिली तेव्हाही असाच हात फिरवला होता आणि म्हटलं होतं, तुझीच समज, क्रीकपर्यंत. बाबांनी उतार तर धरलाच, ओढ्यापलीकडचा पट्टाही धरला. तो काट्यांच्या पिवळ्या झुडपांनी भरलेला होता. त्यांनी ती कोयत्यानं तोडली, मुळं कुदळीनं उपटली, हातांची सालं काढून घेतली. लसूण तिथेच सगळ्यात चांगला आला. सँडरिंगहॅमचे भारतीय दुकानदार फोन करून विचारत, काका, लसूण कधी?

त्या रात्री जेवताना बाबा म्हणाले, "घेनारी कंपनी कोन हाय, बघ जरा गणू."

गणेश ताटात बघत राहिला. तो गेली दोन वर्षं मोठी खोदयंत्रं चालवत होता. इकडे त्याला डिगर म्हणत, बाबा पोकलेन म्हणत.

"आमचीच आहे," तो म्हणाला. "म्हणजे, घेणारी नाही. सपाटीकरणाचं काम आम्हाला मिळालंय. मिल क्रीक म्हणून सबर्ब येतोय. हीप्स काम आहे, बाबा, ढीगभर. तीन वर्षांचं."

"तुला ठावं होतं?"

"महिन्यापूर्वी कळलं."

"महिना मी लसून लावीत होतो."

"मी सांगितलं असतं तर तुम्ही लावला नसता?"

बाबांनी ताट उचललं आणि फेकलं. ते गणेशच्या कानाजवळून गेलं आणि फ्रीजवर आपटलं. डाळ खाली ओघळली. अनुराधानं फडकं ओलं केलं. ती पुकेकोहेच्या ग्रंथालयात काम करी, दिवसभर तिच्याभोवती हळू बोलणारी माणसं असत. घरी आलं की तिला आवाजाची सवय पुन्हा करावी लागे. फ्रीज पुसताना तिला दिसलं, पत्र्याला खळगा पडला होता.

*

मोजणीवाले ऑगस्टमध्ये आले. डोक्यावर गुलाबी रंग दिलेल्या खुंट्या त्यांनी उतारभर ठोकल्या. बाबा पट्ट्यात उभे राहून बघत होते. खुंट्या ओढ्यापर्यंत आल्या आणि थांबल्या. दुसऱ्या दिवशीही कुणी ओढा ओलांडला नाही.

"इसरले," बाबा संध्याकाळी म्हणाले. डोळ्यांत लहान पोराची चमक होती. "पट्टा इसरले ते!"

"विसरत नाहीत बाबा, सॅटेलाइटवरून करतात," गणेश म्हणाला. "प्लॅनमध्ये बाउंड्री क्रीकच आहे."

"मंग खाडीपरयंत यायला पायजेल का नाय? आले का? नाय आले. आपला लसून वाचला. तू गप र्‍हा कंपनीत, तोंड उघडू नको."

गणेशनं खांदे उडवले. त्यालाही क्रीक म्हटलं की पनवेलची खाडीच दिसे, पुलावरची पाटी दिसे, पाटीवर इंग्रजीत लिहिलेलं क्रीक दिसे. अनुराधालाही तेच दिसे. घरात तो शब्द तसाच आला होता आणि तसाच राहिला होता. कुणाच्या मनात शंका आली नाही.

सप्टेंबरात यंत्रं चढली. आधी वाऱ्यासाठी लावलेली सुरूची रांग गेली. पोकलेन झाडाला मध्यावर धरून हलवी, मुळं तुटताना हाड मोडल्यासारखा आवाज येई, मग झाड आडवं होई आणि दुसरं यंत्र त्याचे तुकडे करी. मग माती. पुकेकोहेची लाल माती, जिच्यावर तीन पिढ्यांनी कांदा काढला, ती वरून खरवडून एका बाजूला ढिगानं टाकली गेली. खाली पिवळी चिकण माती उघडी पडली, कातडं सोललेल्या जनावरासारखी. बाबा ओढ्यापलीकडे पट्ट्यात खुरपत राहत. वर आवाज चढला की खुरप्याचा हात चढे. एकदा त्यांनी खुरपं स्वतःच्या अंगठ्यात मारलं, रक्त मातीत दाबून टाकलं आणि पुढे सरकले.

वरच्या यंत्रात पोरगा होता. कुठलं यंत्र त्याचं, हे बाबा न बघता ओळखत. ते तिकडे पाठ करून बसत.

रस्त्याच्या तोंडाशी मोठी पाटी लागली. तिच्यावर निळं पाणी, बदकं आणि हसणारं कुटुंब होतं. रविवारी लोक गाड्या घेऊन जागा बघायला येऊ लागले. एकदा एक जोडपं ओढा ओलांडून थेट पट्ट्यात आलं. बाईच्या पायात पांढरे बूट होते.

"मराठी आहात?" ती म्हणाली. "अय्या! देवव्रत, अरे हे मराठी आहेत. मी मृदुला. आम्ही पुण्याचे, आता माउंट रॉस्किलला भाड्यानं राहतो. इथे आमचं घर येतंय. लॉट त्रेचाळीस."

"बेचाळीस," देवव्रत म्हणाला.

"काका, हे ऑरगॅनिक आहे का? तुम्ही इथले केअरटेकर का?"

बाबांनी कोथिंबिरीची एक जुडी उपटली, ओढ्यात धुतली आणि तिच्या हातात दिली. ती पाकीट काढू लागली, तसे ते म्हणाले, "राहू दे पोरी. लॉट बेचालीसमधलीच हाय. गेल्या हंगामात तितंच लावली व्हती, त्येचंच बी."

ती हसली. तिला ते कळलं नव्हतं. अनुराधाला कळलं, आणि ती वाफ्यावर वाकली.

*

तामाती आला तेव्हा लसणाची पात गुडघ्याएवढी झाली होती. तो ऑस्ट्रेलियातून नुकताच परतला होता, हे नंतर कळलं. त्या दिवशी एवढंच दिसलं की एक रुंद माणूस, पायात जँडल म्हणतात त्या रबरी चपला, तिवरांच्या बाजूनं चालत येतोय आणि प्रत्येक ओळीशी थांबतोय. शनिवार होता. अनुराधा विळ्यानं गवत कापणाऱ्या बाबांच्या शेजारी होती.

"किया ओरा," इथल्या मूळ लोकांच्या भाषेत नमस्कार करत तो म्हणाला. "हे कुणी लावायला सांगितलं?"

"ब्रूस," बाबा म्हणाले. "माय लीज. डाउन टु क्रीक."

"बरोबर. मग इथे काय करतोयस?"

"धिस साइड क्रीक." बाबांनी विळ्यानं खाडीकडे दाखवलं.

तामातीनं खाडीकडे पाहिलं, मग बाबांकडे. मग मागे वळून ओढ्याकडे बोट केलं. "ते क्रीक."

बाबा हसले. त्यांना खरोखर गंमत वाटली. "दॅट? दॅट स्मॉल वॉटर. म्हशीनं मुतावं तेवढं," शेवटचं ते अनुराधाकडे बघून मराठीत म्हणाले.

अनुराधा हसली नाही. तिनं वळून ओढ्याकडे पाहिलं. रोज ग्रंथालयात हा शब्द तिच्या हाताखालून जाई. जुन्या नकाशांत, मुलांच्या गोष्टींत, पूर आल्याच्या बातम्यांत. क्रीकमध्ये पोरं उड्या मारत, क्रीकवर फळी टाकून गायी पलीकडे नेत.

"बाबा," ती म्हणाली. "इथे ओढ्याला क्रीक म्हणतात."

"ओढ्याला?"

"हो."

"मंग खाडीला काय म्हनतात?"

"इनलेट. कुठे हार्बर. क्रीक नाही म्हणत."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं, जणू ती परकी आहे. "म्हंजे ह्यो पट्टा..."

"आमचा आहे," तामाती म्हणाला. त्याला मराठी येत नव्हतं, पण बाबांचा चेहरा वाचता येत होता. "माझ्या आंटीचा, माझ्या आजीचा, तिच्या आजीचा. वर ते टेकाड दिसतंय? तेही आमचं होतं. दीडशे वर्षांपूर्वी सैनिक आले आणि तिला सांगितलं, सूर्य मावळायच्या आत निघ. शेवटी हा चिखलाचा तुकडा तेवढा राहिला. आणि आता तू." आवाज चढला नव्हता. त्यानं वाकून लसणाचा एक गड्डा उपटला, अजून न भरलेला, कांद्याच्या पातीसारखा, आणि बाबांच्या पायाशी टाकला. मग दुसरा. तिसऱ्यासाठी वाकताना त्याचा पाय ओळीवर पडला.

"पाय काढ," बाबा मराठीत म्हणाले.

"बाबा!"

"पाय काढ सांगतो!"

विळा कधी उचलला गेला ते अनुराधाला दिसलं नाही. तामातीचा हात कोपरापासून मनगटापर्यंत उघडला गेलेला दिसला, आधी पांढरा, मग लाल. तामातीनं दुसऱ्या हाताच्या मुठीनं बाबांच्या तोंडावर मारलं. बाबा मागे गेले, पण पडले नाहीत. दातांतून रक्त थुंकून त्यांनी विळा पुन्हा उचलला. अनुराधानं त्यांचा सदरा धरला, तो तिच्या हातात फाटला.

वरून गणेश धावत येत होता. केशरी जाकीट, डोक्यावर हेल्मेट. त्यानं ओढ्यावरून उडी घेतली, मागून येऊन बाबांचा विळ्याचा हात धरला आणि पिरगळला. "सोडा! बाबा, सोडा, जेलमध्ये जाल!" बाबा सोडत नव्हते. साठीतल्या माणसाच्या अंगात एवढं बळ कुठून आलं कुणास ठाऊक. गणेशनं आणखी पिरगळलं, सगळं वजन टाकून.

सुरूची मुळं तुटताना व्हायचा तसला आवाज आला, पण लहान.

विळा पडला. बाबांनी हाताकडे पाहिलं नाही. त्यांनी मान वळवून पोराच्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाले, "बरा हाय रं तुझा जोर. पोकलेन कशाला पायजेल तुला."

*

तामाती पोलिसांत गेला नाही. दवाखान्यात त्यानं सांगितलं, पत्रा लागला. बाबांनी सांगितलं, पडलो. दोघं एकाच बाकावर बसले होते, मध्ये अनुराधा.

प्लॅस्टर सुकल्यावर बाबा आधी ब्रूसकडे गेले. ब्रूसच्या अंगणात सामानाचा ट्रक उभा होता, तो उत्तरेकडे समुद्रकाठी राहायला चालला होता.

"तुला माहीत होतं?" बाबांनी विचारलं. "मी पलीकडे लावतोय?"

"दिसत होतं, मो. म्हटलं, बरंय, काटे फुकट साफ होतायत."

"सांगितलं का नाहीस?"

ब्रूसला हा प्रश्न खरंच समजला नाही. "क्रीक म्हणजे काय हे सगळ्यांनाच माहीत असतं, मो."

बाबा परत गाडीत बसले. अनुराधानं गाडी सुरू केली. फाटक ओलांडल्यावर ते म्हणाले, "माझ्या तोंडात थुंका व्हता. गिलला."

दोन दिवसांनी तामाती घरी आला. बरोबर त्याची आंटी हुइया होती, काठी टेकत, काळा स्वेटर घातलेली, बाबांपेक्षा मोठी. तिनं चहा घेतला, दोन चमचे साखर जास्त मागितली. मग बाबांच्या प्लॅस्टरकडे आणि तामातीच्या टाक्यांकडे आळीपाळीनं बघत म्हणाली, "दोन म्हातारे कोंबडे."

"मी म्हातारा नाही, आंटी," तामाती म्हणाला.

"मग अक्कल कुठाय?" ती बाबांकडे वळली. "तू लावलंस. तू काढ. डिसेंबरात, वर्षातल्या सगळ्यात मोठ्या दिवसाला निघतो ना लसूण? काढ, आणि आमचा पट्टा आम्हाला परत दे."

अनुराधा मराठीत सांगू लागली, तसा बाबांनी हात वर केला. त्यांना कळलं होतं. ते उठले आणि त्यांनी डावा हात पुढे केला. म्हातारीनं तो धरला आणि तिच्या लोकांच्या रीतीनं आपलं कपाळ त्यांच्या कपाळाला टेकवलं, नाकाला नाक. बाबा आधी दचकले, मग तसेच उभे राहिले.

ती गेल्यावर ते खुर्चीत बसले. "आमच्या गावात मोजनीवाले आले तवा भात पोटरीत व्हता," ते म्हणाले. "कोनी बोललं नाय, काढ म्हनून. बैल सोडल्यासारकी माशिनी सोडली त्यात." थोड्या वेळानं म्हणाले, "ह्यो लसून मी काढनार. एक गड्डा ठेवनार नाय. मंग जावं कुटं जायचं तिकडं."

गणेश दारात उभा होता. "मी रविवारी येतो काढायला," तो म्हणाला.

"त्याला सांग," बाबा अनुराधाला म्हणाले, "पाच बोटं अजून हायत माझी."

त्या दिवसापासून घरात सगळं तिच्यातून जाऊ लागलं. त्याला सांग, दिवा बंद कर. त्यांना सांग, गोळ्या घ्या. गणेश पहाटे निघून जाई, अंधार पडल्यावर येई. जेवताना पाठमोरा बसे. कधी अनुराधाला वाटे, दोघांची डोकी धरून एकमेकांवर आपटावीत.

*

डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात पाऊस लागला. लसूण काढायच्या वेळेला पाऊस म्हणजे गड्डा जमिनीतच फुटतो, काळा पडतो. बाबा खिडकीशी येरझाऱ्या घालत.

शनिवारी सकाळी अनुराधा पावसाआधी काढलेला लसूण घेऊन सँडरिंगहॅमला गेली. बाबांना तिनं बजावलं, घरातच बसा, मी आले की दोघं जाऊ. परत आली तेव्हा घर रिकामं होतं. हात गळ्यात अडकवायची पट्टी खुर्चीवर पडली होती. गाडी तिच्याकडे होती आणि एका हातानं गाडी चालवणं तसंही त्यांना जमत नव्हतं. ते चालत गेले होते.

ती गाडीनं तिथे पोहोचली तेव्हा पाऊस आडवा येत होता. नव्या रस्त्याच्या वळणावरून पूर्ण उतार दिसे. मध्ये नमुन्याचं घर, अर्धं रंगवलेलं, झेंडे ओले होऊन काठ्यांना चिकटलेले. त्याच्या खाली गाळाचं तळं. उघड्या मातीचं पाणी ओढ्यात जाऊ नये म्हणून कंपनीनं बांध घालून ते अडवलं होतं. ते काठोकाठ भरलं होतं. पिवळं, दाट. बांधावर एक पोकलेन होतं, आणि त्याच्यासमोर फोरमन हात हलवत होता: बांध फोड, पाणी नमुन्याच्या घराकडे नको, खाली सोड, खाली.

आणि खाली, ओढ्यापलीकडे, राखाडी रेनकोटातली एक पाठ ओळीवर वाकलेली होती.

अनुराधानं हॉर्नवर तळहात दाबून धरला. मग गाडीतून उतरून धावत सुटली. "गणू! गणू, थांब! बाबा आहेत!" यंत्राचा आवाज, पाऊस, तिचा आवाज तिच्याच कानापर्यंत येत नव्हता. बाबा पट्ट्यात असले की पायथ्याच्या रस्त्यावर गाडी उभी असे. आज तिथे कुणाची गाडी नव्हती. वरून बघणाऱ्याला तो पट्टा रिकामा वाटला असता.

पोकलेनचा हात बांधात उतरला, भरून वर आला, पुन्हा उतरला.

पाणी आलं असं म्हणता येणार नाही. बांधाचा तो सगळा भागच सुटला आणि टोप उलटून पेज सांडावी तसा उतार खाली सांडला, सावकाश वाटावा इतका दाट आणि कुणाला पळता येऊ नये इतका जोरात. ओढा त्यानं गिळला. रेनकोटातली पाठ सरळ झाली. बाबांनी वर पाहिलं. एका हातात लसणाची जुडी होती, ती त्यांनी टाकली नाही. मग तिथे पिवळं होतं, आणि काही नव्हतं.

गणेश यंत्रातून उडी मारून खाली येताना तिला दिसला. त्याला तोवर कळलं होतं. तो घसरला, गडगडला, उठला. दोघं जवळजवळ एकदमच तिथे पोहोचले आणि कमरेपर्यंत रुतले. तो हातांनी माती उपसू लागला. उपसलेल्या जागी पुन्हा माती येई. "पोकलेन आणतो," तो ओरडला आणि वळला, आणि तिथेच थांबला. पोकलेनच्या दातांखाली काय येईल हे त्याला सगळ्यांपेक्षा जास्त माहीत होतं. तो पुन्हा खाली बसला. तामाती फावडं घेऊन आला, वरून कामगार आले. आधी सापडलं ते प्लॅस्टर, भिजून उलगडलेलं.

बाबांच्या तोंडात माती गच्च बसली होती. गणेशनं ती बोटांनी काढली, थोडी, आणखी थोडी. मागे अजून होतीच. अनुराधानं त्यांच्या डोळ्यांवरून हात फिरवला, पावसानं ते लगेच पुन्हा भरले.

"इकडे कुणी नव्हतं," फोरमन मागे म्हणत होता. "इकडे कुणी असायला नको होतं."

*

विद्युतदाहिनीचं बटण गणेशनं दाबलं. डोक्याचा गोटा केल्यावर त्याच्या टाळूवर एक जुनी खोक दिसली, लहानपणी जुन्या मिठागराच्या उरलेल्या बांधावरून पडला होता तेव्हाची. तो रडला नाही. घरी तो फ्रीजच्या खळग्यासमोर बसून राही. कंपनीचे दोघे येऊन गेले, फुलं ठेवून गेले. चौकशी होईल म्हणाले. गणेश म्हणाला, "बांध मी फोडला." ते म्हणाले, तसं आता काही बोलू नकोस. तो पुन्हा म्हणाला, "मी फोडला."

पाऊस थांबून ऊन पडलं त्या दिवशी तो घरात नव्हता. मागच्या खोलीतला लसूण काढायचा चार दातांचा काटा जागेवर नव्हता. अनुराधानं गाडी काढली.

तो पट्ट्यात होता, बाबांचे गमबूट घालून. निम्म्या ओळी गाळाखाली गेल्या होत्या, खाडीच्या बाजूच्या निम्म्या तशाच उभ्या होत्या, पात पिवळी पडलेली, काढायला आलेल्या. त्या ओळींपुढे तामाती उभा होता. टाके काढल्याची ओळ त्याच्या हातावर लाल दिसत होती.

"आता नाही, ब्रो," तो सांगत होता. "आंटीनं राहुई घातलाय. इथे माणूस गेला. इथल्या मातीतून काही खायचं काढायचं नाही, त्या पाण्यातून नाही, खाडीतून नाही. ती उठवेल तोवर."

"माझ्या बापाचा लसूण आहे तो."

"मला माहीत आहे."

"तुझीच आंटी म्हणाली होती ना, काढ आणि जा? काढतो. बाजूला हो."

"तेव्हा तो जिवंत होता."

"गणू," अनुराधा ओढ्यातून येत म्हणाली. पाणी अजून पिवळं होतं. "त्यांचं सुतक आहे असं समज."

"सुतक आपल्याला आहे! बाप आपला मेलाय! एक गड्डा ठेवणार नाही म्हणाले होते, ताई, तुझ्यासमोर म्हणाले होते. आता तोही सडवायचा? एवढं तरी करू दे मला!" त्यानं काटा दोन्ही हातांनी उचलला, दात तामातीच्या छातीकडे. तामाती मागे सरकला नाही. त्यानं हातही वर केले नाहीत.

अनुराधा मध्ये शिरली. काट्याचा एक दात तिच्या बाहीत गेला आणि बाही फाटली. तिनं गणेशच्या थोबाडीत मारली.

काटा खाली पडला. पहिली थप्पड त्याला थांबवायला होती. पुढच्या कशासाठी होत्या ते तिला माहीत होतं, आणि त्यालाही. त्यानं हात खाली सोडले आणि चेहरा पुढे धरला. ती मारत राहिली, गालावर, कानावर, उघड्या टाळूवर, तळहात बधिर होईपर्यंत, मग दुसऱ्या हातानं. तोंडातून शब्द येत नव्हता, नुसता श्वास येत होता. तामातीनं तिवरांकडे तोंड फिरवलं. त्यानं मध्ये पडायचा प्रयत्न केला नाही.

हात वर जाईना तेव्हा ती थांबली. गणेशच्या नाकातून रक्त येत होतं. तो गाळात बसला, ती त्याच्या शेजारी बसली. वर उतारावर यंत्रं सुरू झाली होती. बांध नव्यानं घालत होते. गणेशच्या पोकलेनवर दुसरा कुणी होता, त्याचा हात जरा जड होता, झटके बसत होते.

"सडेल गं सगळा," गणेश म्हणाला.

"सडू दे."

"सोन्यासारखा आलाय."

"हो."

त्यानं बाहीनं नाक पुसलं. "तुझा हात बघ. सुजला."

"बघते घरी."

ती उठली. काटा उचलून तिनं त्याचे दात ओढ्यात धुतले, तामातीकडे बघून मान हलवली आणि चढ चढू लागली. भाऊ मागून येतोय का, हे तिनं वळून पाहिलं नाही. काही वेळानं ओल्या चिकण मातीत गमबुटांचा चप् चप् आवाज आला, तेव्हा तिनं आपली चाल थोडी कमी केली.